सर्किट बेंचजवळचं भाषांतर केंद्र: ‘अंकल’ म्हणजे चुलता की मामा?

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं, तेव्हापासून मराठी कागदांचं इंग्रजी करून घेणं भावकीच्या वादांत नेहमीचंच झालंय. भाऊसिंगजी रोडलगतच्या अशाच एका केंद्राबद्दल.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे काम घेतानाच वंशावळ मागतात. नसेल तर कोऱ्या कागदावर काढून घेतात आणि प्रत्येक नावाचं स्पेलिंग तिथंच पक्कं करतात. दादासो, आण्णासो, बापूसो ही नावं नावंच राहतात, त्यांचा ‘एल्डर ब्रदर’ होत नाही. फुकटच्या ॲपवर विसंबणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं.

‘अंकल’ हा शब्द इथं वापरतच नाहीत. ‘फादर्स ब्रदर’, ‘मदर्स ब्रदर’ असं फोडून लिहितात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याची रीतही हीच. दुसऱ्या वर्गाच्या वारसांत (बायको, मुलं, आई असे पहिल्या वर्गातले कुणी नसतील तेव्हाच यांची पाळी) वडिलांचा भाऊ सातव्या नोंदीत येतो, आईचा भाऊ नवव्या. वरच्या नोंदीत कुणी हयात असेल तर खालच्याला काही मिळत नाही. बिनलग्नाचा माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागं फक्त चुलता नि मामा उरले, तर सगळं चुलत्याचं. दोघांनाही ‘अंकल’ केलं की भांडण कशाचं आहे तेच कळायचं नाही.

‘कझिन’चंही तसंच. चुलतभाऊ ‘ॲग्नेट’, कारण नातं सगळं पुरुषांकडून. मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ ‘कॉग्नेट’, कारण नात्यात मध्ये बाई येते. वारसांचे दोन्ही वर्ग संपल्यावरच यांची पाळी, त्यातही ॲग्नेट आधी. ‘नेफ्यू’ त्या मानानं निरुपद्रवी, कारण भावाचा आणि बहिणीचा मुलगा दोघंही चौथ्याच नोंदीत. फक्त बायकोच्या भावाच्या मुलालाही आपण भाचाच म्हणतो, आणि तो या यादीत नाही. हे आपणहून सांगा, ते विचारत नाहीत.

खटकतं ते एकच, पण मोठं. सावत्र भाऊ आला की सरसकट ‘स्टेपब्रदर’ टाईप करतात. इंग्रजीत स्टेपब्रदरशी रक्ताचं नातंच नसतं. बाप एक, आया दोन असतील तर ‘हाफ-ब्रदर’ हवं. तो वारस धरला जातो, मात्र त्याच नात्यातला सख्खा असेल तर कलम १८ प्रमाणं सख्ख्याला प्राधान्य. आई एक आणि बाप वेगळे असतील तर ‘युटेराइन’ लिहावं लागतं, आणि असा भाऊ दुसऱ्या वर्गात ‘भाऊ’ म्हणून मोजतच नाहीत. कच्ची प्रत हातात पडली की आधी हाच शब्द शोधा. दाखवून दिलं तर कुरकुर न करता बदलतात, जादा पैसे घेत नाहीत.

दर पानावर आहे. मोडीतला दस्त घेत नाहीत. त्याचं देवनागरी लिप्यंतर बाहेरून करून आणावं लागतं.