इंग्लंडमधील खेड्यातल्या सामान्य सैनिकाचा शोध: कोणत्या नोंदीपासून सुरुवात करावी?

इंग्लंडमधील एखाद्या खेड्यातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या शेतमजुरांचा, लोहारांचा किंवा गाडीवानांचा माग काढू इच्छिणाऱ्याने आधी हे ठरवावे की, शोध स्मृतिस्तंभावर नावे कोरलेल्या मृतांचा घ्यायचा आहे की गावातून गेलेल्या सर्वांचा. ढोबळमानाने दर आठ सैनिकांपैकी सात जण जिवंत परतले. पण नोंदी मात्र मृतांच्याच अधिक व्यवस्थित ठेवलेल्या आहेत. यामुळेच बहुतेक गावांचे संशोधन स्तंभापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. माझ्या मते हा परतलेल्यांवर अन्याय आहे.

मृतांपुरता विचार केला, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची विनामूल्य सूची हा सर्वांत सोपा मार्ग आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातील मृत्यू तिच्यात येतात. तिच्यात सैनिकाचा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि समाधीचे ठिकाण मिळते. आईवडिलांची नावे मात्र कुटुंबाने माहिती कळवली असेल तरच असतात. १९२१मध्ये सरकारने छापलेली मृत सैनिकांची यादी जन्मगाव आणि भरतीचे ठिकाण सांगते, त्यामुळे एकाच नावाच्या दोघांतला आपल्या गावचा कोण हे ठरवायला ती अधिक कामाची आहे. मृतांच्या येण्या रकमेची नोंदवहीही अवश्य पाहावी: वारसाला मिळालेले युद्ध-अनुदान सेवेच्या कालावधीवर ठरत असल्याने, जिथे मूळ फाईल नष्ट झाली आहे तिथेही त्या रकमेवरून भरतीचा महिना बऱ्याच अंशी काढता येतो. खुद्द स्तंभावर मात्र फार विसंबू नये. नावे कोणाची घालायची हे स्थानिक मंडळी ठरवीत, त्यामुळे काही नावे दोन गावांत आढळतात आणि काही कुठेच नसतात.

परतलेल्यांच्या बाबतीत खरी तुलना सेवेची फाईल आणि पदकांचे कार्ड (सैनिकाला कोणती पदके मिळाली याची सरकारी नोंद) यांच्यात आहे. फाईल मिळाली तर तिच्याइतके काहीच बोलके नाही: उंची, छातीचे माप, अंगावरच्या खुणा, व्यवसाय, जवळचा नातलग, रुग्णालयातले दिवस, उशिरा हजर झाल्याबद्दलची शिक्षा, सारे तिच्यात असते. परंतु सप्टेंबर १९४०मध्ये जर्मन बाँबफेकीत लंडनच्या अर्नसाइड स्ट्रीटवरील युद्धखात्याच्या गोदामाला आग लागली आणि साध्या सैनिकांच्या सुमारे ६० टक्के फायली जळाल्या. उरलेल्यांपैकी अनेकांचे कागद करपलेले किंवा पाण्याने खराब झालेले आहेत. जखमी वा आजारी होऊन निवृत्तिवेतनावर सुटलेल्यांच्या फायलींची एक वेगळी मालिका आहे. तीही तपासावी, कारण पहिल्या मालिकेत न सापडलेला माणूस तिच्यात सापडू शकतो. याउलट पदकांची कार्डे जवळजवळ पूर्ण आहेत, सुमारे ४८ लाख. मात्र त्यांच्यावर नाव, पलटण, क्रमांक आणि पदके एवढेच असते. पत्ता क्वचितच आढळतो, आणि युद्धभूमीवर उतरल्याची तारीख साधारणपणे १९१५अखेरपर्यंत गेलेल्यांचीच मिळते. शिवाय संपूर्ण युद्धभर इंग्लंडमध्येच सेवा केलेल्याला मोहिमेची पदके मिळालीच नाहीत. म्हणून गाव ठाऊक आहे पण क्रमांक ठाऊक नाही, अशा स्थितीत केवळ कार्डावरून माणूस ठरवणे धोक्याचे आहे.

ही उणीव १९१८ची गैरहजर मतदारांची, म्हणजे सैन्यसेवेमुळे घरापासून दूर असलेल्या मतदारांची, यादी भरून काढते, आणि गावाचा अभ्यास करणाऱ्याने तिलाच प्रथम पसंती द्यावी असे माझे ठाम मत आहे. त्या वर्षीच्या कायद्याने सैन्यातल्या पुरुषांना १९व्या वर्षापासून मत मिळाले, त्यामुळे यादीत घराचा पत्ता, क्रमांक, हुद्दा आणि तुकडी एकाच ओळीत येतात. गाव आणि सैन्य यांना इतक्या नेमकेपणाने जोडणारी दुसरी नोंद नाही. आधीच मेलेले किंवा सुटून आलेले तिच्यात नसतात, आणि सर्व मतदारसंघांच्या याद्या टिकलेल्याही नाहीत; जिल्हा अभिलेखागारात आधी चौकशी करावी. यादी नसेल तर स्थानिक साप्ताहिकांकडे वळावे. तिथे रजेवर आलेल्यांची, जखमींची आणि १९१६मध्ये सक्तीची भरती सुरू झाल्यावर सूट मागणाऱ्या शेतकऱ्यांची वृत्ते येत. वेळ फार जातो, पण सूट मागणाऱ्यांच्या अर्जांचे बहुतेक सरकारी कागद पुढे नष्ट केले गेले असल्याने कित्येक गावांपुरता हाच पुरावा उरला आहे.

पलटणीच्या युद्धदैनंदिनीचे, म्हणजे तिच्या रोजच्या हालचालींच्या अधिकृत नोंदवहीचे, आकर्षण सर्वांनाच असते, पण ती शेवटी वाचावी. तिच्यात अधिकाऱ्यांची नावे येतात, साध्या सैनिकांची बहुधा केवळ संख्या येते. शिवाय जखमेतून बरा झालेला सैनिक वारंवार दुसऱ्याच पलटणीत पाठवला जाई. तेव्हा पदकांच्या तपशीलवार याद्यांतून त्याच्या पलटणींचा क्रम ठरवल्याशिवाय दैनंदिनीतले प्रसंग त्याच्या नावावर घालू नयेत. डोर्सेट परगण्यातल्या खेड्याचे उदाहरण घ्या. डोर्सेटशायर रेजिमेंटची पहिली पलटण फ्रान्समध्ये लढली. दुसरी १९१४मध्ये पुण्यात होती आणि सहाव्या पुणे डिव्हिजनमधून, ११७व्या मराठा पलटणीच्या बरोबरीने, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेली. तिथे २९ एप्रिल १९१६ रोजी कुत या गावात वेढल्या गेलेल्या ब्रिटिश-भारतीय सैन्याने शरणागती पत्करली. रेजिमेंट एकच असूनही एका गावच्या दोन शेजाऱ्यांची युद्धे इतकी वेगळी असू शकतात.

खर्चाचा प्रश्न असेल, तर वर्गणी भरण्याआधी लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात किंवा इंग्लंडमधील स्थानिक सार्वजनिक ग्रंथालयात वंशावळीची सशुल्क संकेतस्थळे विनामूल्य पाहता येतात का, याची चौकशी करावी. भारतात बसून काम करणाऱ्याने युद्धसमाधींची सूची आणि रेडक्रॉसची युद्धकैद्यांची कार्डे यांपासून सुरुवात करावी, कारण दोन्ही घरबसल्या फुकट मिळतात. एका महिन्याची वर्गणी मात्र तपासायच्या नावांची यादी पूर्ण तयार झाल्यावरच भरावी.