खिशातला कॅमेरा, कासच्या पठारावर

सोनीचा २०१९ मधील आरएक्स१०० मार्क ७ घेऊन साताऱ्याहून कासकडे निघालो, तेव्हा प्रथम जाणवला तो त्याचा आटोपशीरपणा: बॅटरी-कार्डासह वजन अवघे ३०२ ग्रॅम. एवढ्याशा देहात एक इंची सेन्सर आणि २४ ते २०० मिलिमीटरची झूम बसवणे हे कौशल्यच होय. यवतेश्वरच्या घाटातून अजिंक्यतारा त्याने सहज जवळ ओढला.

खरी परीक्षा पठारावर होते. ‘सीतेची आसवे’ हे फूल नखाएवढे. कॅमेरा वाइड टोकाला (म्हणजे झूम न करता, २४ मिलिमीटरवर) ८ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो, परंतु पूर्ण झूमवर, २०० मिलिमीटरला, किमान १ मीटर अंतर राखावे लागते, त्यामुळे पायवाट न सोडता (आणि ती सोडूही नये) फुलाने चौकट भरत नाही. जवळ जाऊन वाइडने टिपावे, तर मागचा गालिचा हवा तेवढा धूसर होत नाही. सेकंदाला २० छायाचित्रांचा वेग इथे निरुपयोगी. वर उचलला जाणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून दृश्य पाहण्याची खिडकी) मात्र उन्हात मोलाचा ठरतो.

सर्वांत खटकणारी उणीव म्हणजे पावसापासून संरक्षण नसणे, कारण सप्टेंबरातली कासची भुरभुर कुणालाच सोडत नाही. बॅटरीही प्रमाणित चाचणीनुसार सुमारे २६० छायाचित्रांचीच आहे. दुसरी जवळ असावीच.