राधानगरला साडेपाचला पोहोचून काय उपयोग?

जानेवारीत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका टूरवाल्याकडून अंदमानला गेलो. हॉटेलं स्वच्छ, बोटीची तिकिटं वेळेवर. पण स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर पोहोचायची वेळ त्यांनी साडेपाच ठेवली होती! नाशिकला तेव्हा चांगलं ऊन असतं. तिथे जानेवारीत त्याआधीच सूर्य बुडतो. सासूबाई वाळूत उतरल्या तेव्हा नुसतं तांबूस आभाळ उरलं होतं. फार वाईट वाटलं मला, आयुष्यात पहिल्यांदाच बेटावर आल्या होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी आम्हीच रिक्षा केली आणि तीनला पोहोचलो. पिठासारखी मऊ पांढरी वाळू, मागे गर्द जंगल, पाणी आधी हिरवट, मग निळं. २०२० साली ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेला किनारा आहे हा, आणि स्वच्छता खरंच दिसते. सासूबाई तासभर पाण्यात पाय सोडून बसल्या.

काला पत्थर किनारा याच बेटाच्या पूर्वेला आहे, तिथे पहाटे जा. शहीद द्वीपच्या लक्ष्मणपूरला दगडी कमान बघायची तर ओहोटीची वेळ आधी विचारा, आणि पायात पक्क्या सँडल हव्यातच. प्रवाळाचे खडक बोचतात.

टूरला पाचपैकी तीन. राधानगरला पूर्ण पाच.