'मुस्तफा'च्या कॅबिनेटला बसवलेला मॉनिटर : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

सोलापुरातल्या एका बंद झालेल्या गेम पार्लरचे लाकडी कॅबिनेट माझ्याकडे ६ वर्षांपासून आहे. त्यात 'मुस्तफा', म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', चालतो. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या पिक्चर ट्यूबचे ईएचटी (ट्यूबला उच्च व्होल्टेज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) दुसऱ्यांदा जळाले आणि त्या नंबरचे ईएचटी आता मिळत नाही, असे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी सांगितले, तेव्हा पर्याय शोधणे भाग पडले.

खरी अडचण इंचांची नव्हती. या गेमचा बोर्ड सुमारे १५.६ किलोहर्ट्झच्या आडव्या वारंवारतेने, म्हणजे सेकंदाला तितक्या हजार आडव्या रेषा काढत, चित्र पाठवतो, तर संगणकाचे बहुतेक मॉनिटर ३१ च्या आसपासपासून पुढचेच चित्र स्वीकारतात. जुन्या टीव्हीची वारंवारता जवळपास जुळते. पण आपल्याकडच्या टीव्हींना सहसा आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींनी घेणारे) इनपुट नसते आणि कंपोझिटमधून, म्हणजे एकाच वायरीतून, दिलेले रंग पसरतात. म्हणून गेमचे चित्र मॉनिटरला चालेल असे बदलून देणारा कन्व्हर्टर बोर्ड आणि जुना एलसीडी हा मार्ग मी निवडला.

पहिला, १९ इंची टीएन पॅनेलचा (कोन बदलला की रंग बदलणाऱ्या प्रकारचा) मॉनिटर पंधरा दिवसांत काढावा लागला. कॅबिनेटमध्ये पडदा मागे कललेला असतो, त्यामुळे माझ्या उंचीवरून रंग फिके दिसत आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला तेच चित्र काळपट दिसे. त्यानंतर एका कार्यालयातून निघालेला २० इंची, ४:३ आकाराचा, १६०० × १२०० ठिपक्यांचा आयपीएस (तिरके पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर ३,२०० रुपयांना घेतला, आणि तोच आजपर्यंत बसवलेला आहे.

सुरुवातीला चित्र भडक आले. पांढऱ्या रंगातले सगळे बारकावे पुसले गेले होते. गेमच्या बोर्डाचा आरजीबी सिग्नल व्हीजीए या संगणकी जोडणीच्या ०.७ व्होल्टपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून तिन्ही रंगांच्या वायरींवर प्रीसेट (फिरवून कमीजास्त करता येणारे छोटे रेझिस्टर) लावून एकेक रंग कमी करत गेलो. संपूर्ण संध्याकाळ त्यात गेली, पण शेवटी गाडीचा लाल रंग मला आठवतो तसा दिसला, तेव्हा फार समाधान वाटले. कन्व्हर्टर ८०० × ६०० वर ठेवावा, कारण पडद्याचे ठिपके त्याच्या बरोबर दुप्पट असल्याने कडा स्वच्छ राहतात. १०२४ × ७६८ वर अक्षरे धूसर होतात.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांच्या मुलांनी तीन दिवस तो अक्षरशः सोडला नाही, आणि कोणीही पडद्याबद्दल तक्रार केली नाही. मला मात्र दोष दिसतो. गेम सेकंदाला ५९.६ चित्रे देतो आणि कन्व्हर्टर ६० काढतो, त्यामुळे मागचे दृश्य सरकताना दर दोन-तीन सेकंदांनी बारीक झटका बसतो. उडी मारण्याचे बटण दाबल्यावरही किंचित उशीर जाणवतो. ट्यूबवर हे दोन्ही नव्हते. मे महिन्यात मागची फळी फार तापू लागली, म्हणून १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा बसवला. त्यानंतर त्रास झाला नाही.

जुनी ट्यूब मी टाकलेली नाही. काकांनी तिच्यातला उरलेला विद्युतभार उतरवून दिल्यावर ती चादरीच्या जाड घडीवर, काच खाली करून, माळ्यावर ठेवली आहे, आणि त्या नंबरचे ईएचटी मी अजूनही शोधतो आहे.