स्पर्श की घर्षक? 'त' आणि 'स' यांतला खरा फरक

'आता' म्हणा, पण 'त'वर जीभ वरच्या दातांमागे टेकली की तिथेच थांबा. काहीच ऐकू येत नाही! 'त' हा स्पर्श व्यंजन आहे: वाट पूर्ण बंद होते, मागे हवेचा दाब साठतो आणि जीभ सुटली की तो फुटतो. म्हणून 'त' लांबवता येत नाही. लांबते ती फक्त शांतता. 'प', 'ट', 'क' यांचंही तसंच, अडवण्याची जागा तेवढी वेगळी.

आता 'आस' म्हणून 'स'वर थांबा. सुस्कारा श्वास संपेपर्यंत चालतो. इथे जीभ वाट बंद करत नाही, मधोमध अरुंद पन्हळ ठेवते आणि हवा घासत बाहेर पडते. हा घर्षक. 'श'मध्ये जीभ थोडी मागे सरकते आणि आवाज जाडसर होतो.

'म', 'न' यांना परंपरेने 25 स्पर्शांतच धरतात. तोंड बंद असतं हे खरं, पण नाकाची वाट मोकळी असल्याने ते लांबवता येतात.

दोन्ही गटांच्या मध्ये उभा आहे 'च'. सुरुवातीला जीभ पूर्ण टेकते, मग झटक्यात न सुटता घासत सुटते. वर्णमालेत तोही स्पर्शांच्या रांगेत बसतो, पण कानाला विचाराल तर त्याला स्पर्शघर्षक म्हणणंच मला योग्य वाटतं. 'चमचा' आणि 'चिमणी' सावकाश म्हणून पाहा: 'चमचा'त शेवटची घासण 'स'सारखी आहे, 'चिमणी'त 'श'सारखी.