डॉकर की पॉडमन? लिनक्सवर काय टाकावं

डॉकर आणि पॉडमन ही दोन्ही कंटेनर चालवणारी साधनं. कंटेनर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं वेगळं खोकं. कर्वेनगरच्या पीजीत स्वतःच्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून शिकताय, की कॉलेजच्या लॅबमधल्या सामायिक मशीनवर काम करताय? माझ्या मते निवड आधी यावरूनच ठरते.

डॉकरचा डीमन, म्हणजे त्याचा मुख्य प्रोग्राम, पाठीमागे सतत चालू असतो, तोही रूट म्हणून, म्हणजे मशीनवरचे सगळे हक्क असलेला युजर म्हणून. दर वेळी सुडो (रूटच्या हक्कांनी आज्ञा चालवणं) नको म्हणून आपण स्वतःला 'डॉकर' ग्रुपमध्ये घालतो. पण त्या ग्रुपमधला कुणीही अख्खी डिस्क कंटेनरमध्ये माउंट करून हवी ती फाइल बदलू शकतो. ग्रुप दिला म्हणजे रूटच दिलं. स्वतःच्या लॅपटॉपवर हे चालेल, लॅबमध्ये अजिबात नाही. रेड हॅटच्या पॉडमनला डीमन लागत नाही. ॲडमिननं एकदा पॅकेज टाकून दिलं की साध्या युजरच्या हक्कांत कंटेनर चालतात.

उबुंटूवर पॉडमन थेट ॲप्टनं, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरनं येतं. मात्र उबुंटू 22.04 वर पॉडमनची जुनी 3.4 आवृत्ती मिळते, 24.04 वर 4.9. कंटेनर सिस्टिमडीतून (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्राममधून) चालवायची क्वाडलेटची सोय पॉडमन 4.4 पासूनची, त्यामुळे 22.04 वाल्यांना ती मिळत नाही. शिवाय 1024 खालचे पोर्ट (नेटवर्कवरचे क्रमांक दिलेले दरवाजे) साध्या युजरला उघडता येत नाहीत आणि कंपोझ, म्हणजे एका फाइलवरून अनेक कंटेनर चालवणारं साधन, वेगळं टाकावं लागतं.

डॉकर टाकायचं तर डॉकरच्याच रिपॉझिटरीतून (पॅकेजच्या साठ्यातून) टाका. त्या साठ्याची सहीची किल्ली आणि पत्ता जोडायला थोडा वेळ जातो, पण इंजिन (कंटेनर चालवणारा मूळ भाग), बिल्डएक्स (कंटेनरच्या इमेज बनवणारं साधन), कंपोझ सगळं ताजं मिळतं. डॉकरचं स्नॅप (उबुंटूचा दुसरा पॅकेज प्रकार) टाळा, तुमच्या होम फोल्डरबाहेरचे फोल्डर त्याला दिसत नाहीत.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. डॉकरमध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस '5432:5432' असं उघडलंत, तर यूएफडब्ल्यूनं (उबुंटूच्या फायरवॉलनं) पोर्ट बंद केलेलं असूनही ते उघडंच राहतं, कारण डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत, स्वतःचे नियम घालतं. पीजीच्या वायफायवरचा कुणीही तुमच्या डेटाबेसपर्यंत पोचू शकतो. म्हणून '127.0.0.1:5432:5432' असंच लिहा, म्हणजे पोर्ट फक्त तुमच्याच मशीनवरून उघडेल. रूटशिवाय चालणाऱ्या पॉडमनला यूएफडब्ल्यूचे नियम लागू होतात.

हिंजवडीतल्या नोकरीसाठी तयारी करत असाल तर डॉकर इंजिनच घ्या. शिकवण्या आणि कंपोझ फाइल्स बहुतेक त्याच्याच असतात. 250 हून जास्त कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरहून जास्त वार्षिक महसूल असलेल्या कंपन्यांना पैसे मोजावे लागतात ते डॉकर डेस्कटॉप या खिडक्या-बटणांच्या वेगळ्या ॲपसाठी. इंजिन मुक्त स्रोत आहे आणि लिनक्सवर डेस्कटॉपवाचून काही अडत नाही.

लॅबमध्ये पॉडमन. दोन्ही एकाच लॅपटॉपवरही सुखानं राहतात. 'पॉडमन-डॉकर' पॅकेज तेवढं टाकू नका. ते डॉकरची आज्ञाच पॉडमनकडे वळवतं.