एका सैल नटाचे ६२४ पौंड

लिहायची लाज वाटते, कारण मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तरी लिहितोय. इंग्लंडात या थंडीत आणखी कुणी मराठी माणूस मला लुटणाऱ्या त्याच प्लंबरला दार उघडेल, म्हणून.

जानेवारीतला रविवार, रात्रीचे साडेआठ, रेडिंग. हॉलमधल्या, गरम पाण्याने घर तापवणाऱ्या रेडिएटरच्या खालच्या व्हॉल्व्हपाशी पाणी ठिबकायला लागलं. साताऱ्याहून आलेल्या आईने खाली स्टीलचं पातेलं ठेवलं, चष्मा लावून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, नट सैल झालाय नुसता. पाना लाव की." मी म्हटलं, "आई, इथलं वेगळं असतं." (हे वाक्य मला आयुष्यभर पुरणार आहे.)

माझी बाजूही ऐका. घरात आठ महिन्यांचं बाळ, बाहेर उणे तीन, बायकोला ताप आणि घरात पाना नाही. फोनवर सगळ्यात वर दिसली ती 'कॉलआउट फ्री'वाली, म्हणजे घरी येण्याचे पैसे नाहीत अशी, प्लंबरची जाहिरात. मी फोन लावला.

माणूस चाळीस मिनिटांत आला, अतिशय गोड बोलणारा. आल्या आल्या गॅसच्या कामाचं कार्ड दाखवलं. रेडिएटरच्या पाइपाला त्या कार्डाची गरजच नसते, पण मी भारावलो. त्याने पाना लावला, नट जेमतेम पाव वळसा फिरवला आणि ठिबकणं थांबलं. माझ्या डोळ्यांदेखत थांबलं! मग तो मान हलवत म्हणाला, दोन्ही व्हॉल्व्ह गेलेत, रात्रीत फुटतील, लाकडी फरशीची वाट लागेल. मी बाळाला घेऊन वर गेलो. वीस मिनिटांत "झालं".

व्हॉल्व्ह बदलायचा तर आधी सिस्टीममधलं पाणी काढावं लागतं. त्याच्याकडे ना बादली होती, ना नळी. बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा तो आला तेव्हा १.२ बारवर होता. पैसे देताना मी पाहिलं, तेव्हाही १.२, म्हणजे पाणी काढलंच नव्हतं. मी तो आकडा वाचला, मनात म्हटलं "छान, प्रेशर ठीक आहे", आणि पिन टाकला. बारा वर्षांची नोकरी, आणि "छान"!

बिल असं: मजुरी दोन तासांची २९०, दोन व्हॉल्व्ह १७०, 'प्रेशर टेस्ट' ६०, वर २० टक्के व्हॅट १०४. एकूण ६२४. बिलावर व्हॅट नंबर नाही. सकाळी उजेडात पाहिलं तर 'नव्या' व्हॉल्व्हवर घरमालकाने कधीकाळी मारलेल्या क्रीम रंगाचे ओघळ जसेच्या तसे. नवीन होती ती फक्त वरची प्लॅस्टिकची टोपी. दुकानात तशा व्हॉल्व्हची जोडी १८ पौंडांना मिळते.

दर तोंडी ऐकू नका, दार उघडण्याआधी मेसेजवर लिहून घ्या. आणि डेबिट कार्ड देऊ नका, क्रेडिट कार्ड द्या. १०० पौंडांच्या वरच्या खरेदीत कायद्याने कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. मी अर्थातच डेबिट दिलं.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं गाणी ऐकली, मग एका बाईंनी सहानुभूतीने एक संदर्भ क्रमांक दिला. तीन आठवड्यांनी विचारलं तर म्हणे, माहिती पुढे पाठवली आहे. पुढे म्हणजे कुठे? ते सांगता येत नाही. पैसे? ते आमचं काम नाही. मग काम कुणाचं? दुसरा नंबर दिला. तो पुन्हा त्याच बँकेचा. २०१५च्या ग्राहक कायद्यात दर ठरला नसेल तर वाजवी रक्कमच द्यायची असं आहे, हे मीच बँकेला वाचून दाखवलं. उत्तर आलं, प्लंबरच्या टॅबलेटवर सही तुमची आहे.

नट सैल दिसला तर आधी दोन पाने आणा. एकाने व्हॉल्व्ह धरून ठेवा, दुसऱ्याने नट पाव वळसाच फिरवा, जास्त जोर नको. दोन्ही पाने मिळून मला २२ पौंडांना पडले, तेही नंतर.

आई अजून इथेच आहे. रोज जेवताना विचारते, "रुपयांत किती झाले रे?" मी आमटी वाढून घेतो.